कापलेल्या नळीचा काटा

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतला नाही. वर्कशॉपात कुणी बंपरला लिंबू-मिरच्या बांधल्या, की मी त्या सोडून दुपारच्या भाकरीबरोबर खायचो. उतारा, भानामती, अंगात येणं... सगळ्याला माझं एकच उत्तर, कुठंतरी नट ढिला असेल, बघा. बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी वाहन विभागाचा फोरमन होतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण चूक कारखान्याची नव्हती. माझी होती.

गोष्ट कळायला ऑइल प्रेशरचा काटा कळायला पाहिजे. जुन्या डिझेल ट्रकात इंजिनपासून डॅशबोर्डपर्यंत तांब्याची एक बारीक नळी येते. इंजिन चालू झालं की पंप ऑइल दाबतो आणि तो दाब ह्या नळीतून घड्याळाच्या, म्हणजे काट्याच्या मीटरच्या, पाठीमागं पोचतो. घड्याळात एक वाकडी, चपटी नळी असते. दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. वायर नाही, बॅटरी नाही. पुष्कळ ड्रायव्हरांना वाटतं, हा काटा ऑइल किती आहे ते सांगतो. ते काम डिपस्टिकचं. काटा सांगतो, ऑइल बेअरिंगपर्यंत पोचतंय का. थंड इंजिनला तो वर असतो, तापलं की जरा खाली येतो. पण चालत्या गाडीत शून्यावर पडला, तर जागच्या जागी इंजिन बंद करायचं. थोडं पुढं जाऊ, सावलीला लावू, असं म्हणत बसलात तर बेअरिंग वितळतं आणि इंजिन जाम.

हे मला गफूरभाईंनी शिकवलं. डिप्लोमा घेऊन मी नवा लागलो, तेव्हा ते कारखान्याचे सगळ्यात जुने ड्रायव्हर होते. गाडी सुरू केली की घड्याळाच्या काचेवर नखानं दोनदा टकटक करायचे आणि काटा चाळीस पौंडांवर आल्याशिवाय गिअर टाकायचे नाहीत. पोरं हसायची. मीपण हसायचो.

एका वर्षी त्यांनी आठवड्यात तीनदा भरली गाडी रस्त्यात उभी केली. काटा पडला म्हणे. तिन्ही वेळा मी जाऊन बघितलं, डिपस्टिक लावली, ऑइल काठोकाठ. परत चालू केलं की काटाही जागेवर. त्यात नळीच्या सांध्यातून ऑइल गळून त्यांच्या पायजम्यावर पडायचं. मी म्हटलं, घड्याळच खराब आहे. इंजिनकडच्या भोकात बोल्ट ठोकून बंद केलं, नळी मधोमध कापून टाकली. आमच्याकडं निम्म्या गाड्यांचे काटे असेच मेलेले असायचे, आवाजावरून कळतं म्हणायचं आणि चालवायची.

गफूरभाई म्हणाले, "सायेब, ती नळी खोटं बोलत आसंल तर दुरुस्त करा. तिचं त्वांड कावून बंद करता?"

मी म्हणालो, "तुला गाडी चालवायचीय का काटा बघत बसायचंय?"

त्याआधी मी त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. वर त्यांना ट्रकवरून काढून गेटवर बसवलं. त्यांनी गेटवरच वर्ष काढलं आणि पावसाळ्याच्या तोंडाला हार्ट अटॅकनं गेले.

तो पावसाळा कोरडाच गेला. उभा ऊस छावण्यांमध्ये जनावरांना चारा म्हणून गेला, कारखान्याचं गाळप झालंच नाही. बाकीच्या गाड्या टायराविना विटांवर उभ्या. चालू होता तो गफूरभाईंचा हाच एक ट्रक, त्यावर टाकी बसवून आम्ही डोंगरावरच्या एका वस्तीला पाणी द्यायचो. वस्तीतली धडधाकट माणसं ऊसतोडीला पश्चिमेकडं गेलेली. मागं म्हातारे आणि त्यांच्या अंगावर टाकलेली लेकरं. ट्रक बंद पडला तर त्यांना पाणी द्यायला दुसरी गाडी नव्हती.

शिमगा होऊन चार-सहा दिवस झाले होते. ड्रायव्हरला ताप भरला म्हणून मीच टँकर काढला. वस्तीतले लहूतात्या बाजाराला खाली आलेले, ते शेजारी बसले. दुपारचे दोन वाजले असतील. चढाला लागलो, पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं...

तात्या म्हणाले, "सायेब, ह्यो काटा हालतोय की. रोज तर मेल्यावानी पडलेला आसतो."

मी बघितलं. काटा चाळीसवर होता.

मी काचेवर नखानं दोनदा टकटक केलं. का केलं माहीत नाही, हात आपसूक गेला. काटा हलला नाही. तिसऱ्या वळणावर, जिथं एकटा लिंब आहे, तिथं तो थरथरला आणि सरळ शून्यावर आला.

मी इंजिन बंद करायची स्टॉपची दांडी ओढली. हँडब्रेक लावला, तात्यांनी खाली उतरून चाकांना दगड लावले.

डॅशबोर्डखाली हात घातला. नळीचं कापलेलं टोक तसंच लोंबत होतं. आत बोट घालून बघितलं, कोरडं. बोल्ट जागेवर. डिपस्टिक लावली, ऑइल काठोकाठ. खरं सांगतो, मला माझाच राग आला. मेलेल्या घड्याळापायी भरला टँकर चढावर उभा करून ठेवला होता.

"चला की मग," तात्या म्हणाले. "आमची म्हातारी हंडे मांडून बसली आसंल."

मी किल्लीला हात घातला आणि थांबलो. काठोकाठ ऑइल मी आधी तीनदा बघितलं होतं. गफूरभाईंचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि लई लाज वाटली. म्हटलं, आज तरी पुरतं बघू. पाना घेऊन मीच ठोकलेला तो बोल्ट सोडला आणि तात्यांना म्हणालो, मी सांगतो तोवर स्टार्टरचं हे बटण दाबून धरा. स्टार्टर फिरला. त्या भोकातून ऑइलची चिळकांडी उडायला पाहिजे होती. एक थेंब आला नाही. आणखी शंभर हात चढलो असतो तर इंजिन गेलं असतं.

तात्या वर गेले. तासाभरात सगळी म्हातारी माणसं हंडे-घागरी घेऊन उतारानं खाली आली आणि उभ्या टँकरमधून पाणी घेऊन गेली. इंजिन मी दुसऱ्या दिवशी तिथंच उघडलं. ऑइलचा दाब धरणारी स्प्रिंग मोडलेली होती. मोडलेली कड घासून गुळगुळीत झालेली, म्हणजे मोडून दोन-एक वर्षं तरी झालेली. तुकडा अडकला की दाब जायचा, सुटला की यायचा, म्हणूनच इंजिन इतके दिवस वाचलं. गफूरभाईंचा काटा तिन्ही वेळा खरं बोलला होता.

मग मी युसूफ वडगाव ह्या गावी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं, अमीनाभाभींनी, चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, मी गफूरभाईंना काय बोललो होतो तेसुद्धा. वाटलं होतं, चार शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या म्हणाल्या, "काटा कुनी हालवला ते अल्लाला ठाऊक. पर घरी आले की ते एकच म्हनायचे. फोरमन वाईट मानूस न्हाई. त्यानं येकदा सोताच्या डोळ्यानं काटा पडलेला बगाया पायजे."

परत आल्यावर मी ते घड्याळ ट्रकातून काढून घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, काटा धक्क्यानं हलला असेल. त्या रस्त्यावर धक्के रोजचेच होते आणि नळी कापल्यापासून काटा हलला नव्हता. उष्णतेनं म्हणाल, तर नळीचं कापलेलं टोक उघडंच होतं, आत दाब धरणार कसा. नंतर मी ते घड्याळ उघडलं. आतली वाकडी नळी गंजून चिरलेली. नवी नळी जोडली असती तरी त्या घड्याळात काटा उठला नसता. मला कारण सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा, मी ऐकून घेईन. ऐकून घ्यायला मी जरा उशिराच शिकलो.

घड्याळ माझ्या घरी फळीवर आहे. रोज सकाळी काचेवर दोनदा टकटक करतो. काटा शून्यावरच असतो. मग मी म्हणतो, गफूरभाई, तुम्ही बरोबर होता.