पाय भुईला टेकल्यात का?

वलवणच्या भाऊंना फोन लावला की पलीकडून 'हॅलो' कधी यायचं नाही. फोन उचलल्याचा आवाज, मग घसा खाकरणं, आणि मग थेट प्रश्न: "पाय भुईला टेकल्यात का?" नाव नाही, गाव नाही, अडचण काय तेही नाही. एकदा न राहवून मी म्हटलं, "भाऊ, चार माणसं फोनवर हॅलो म्हणतात, तुमचंच काय बिनसलंय?" तर म्हणाले, "हॅलो म्हनायचा पगार मिळायचा तवा म्हनत होतो की दिवसभर. आता फुकटात कशाला म्हनू?"

मी तळेगावच्या कॉलेजात इतिहास शिकवायचो. चाळिशीनंतर नजर बाजूंनी आत आत येत गेली आणि एक दिवस उरलीच नाही. घरच्यांनी संगणकावर एक फुकटचं सॉफ्टवेअर घालून दिलं. पडद्यावर जे असेल ते मोठ्याने वाचून दाखवायचं. पहिल्याच दुपारी माझ्या हातून कुठलीशी कळ दाबली गेली आणि ते वाचणारं मशीन मुकं झालं. घरात कोणी नव्हतं. त्या सॉफ्टवेअरचा वापर करणाऱ्या अंध मंडळींचा एक ऑनलाइन मंच होता, त्यावर मदतीसाठी एक नंबर दिलेला होता. तो मुलीने माझ्या मोबाइलमध्ये आधीच भरून ठेवला होता. फोन लागला आणि कुणीतरी अनोळखी म्हातारा मला पायांबद्दल विचारू लागला.

मी चिडलो. म्हटलं, अहो, माझ्या पायांना काही झालेलं नाही, मशीनचा आवाज गेलाय. "त्ये कळलं वो," तो आवाज म्हणाला, "पर पाय कुटं हायेत?" मी पाहिलं, म्हणजे चाचपलं. दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीला घट्ट आवळून बसलो होतो. कधीपासून, देव जाणे. पाय खाली ठेवले, फरशी गार लागली, आणि तेवढ्यात मला रडू आलं. भाऊ थांबले. घाई केली नाही, समजूतही घातली नाही. मग म्हणाले, "झालं? आता मोठ्या कळीवर डाव्या हाताचा अंगठा ठिवा." दोन मिनिटांत मशीन बोलायला लागलं. त्यानंतर भाऊ बराच वेळ त्यांच्याकडच्या धुक्याबद्दल आणि पुतण्याने आणलेल्या खवट शेंगदाण्यांबद्दल बोलत राहिले.

भाऊ गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. ज्यांनी त्यांचा आवाज ऐकला नाही त्यांना ते कसे सांगावेत हा प्रश्नच आहे, कारण मीही त्यांना कधी पाहिलेलं नाही.

जन्मांध नव्हते. लहानपणी गोवर आला, त्यात डोळे गेले. घर वलवणचं, शेतकऱ्याचं, धरणापासून जवळ. डोळे नसलेल्या मुलाने शेतात काय करायचं म्हणून कुणीतरी टेलिफोन ऑपरेटरचं काम शिकायला पाठवलं आणि लोणावळ्याच्या एका मोठ्या हॉटेलात ते चिकटले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्या कानात माणसं. गरम पाणी नाही म्हणून ओरडणारी, घरी फोन जोडून द्या म्हणून अजिजी करणारी, मधुचंद्राला येऊन भांडणारी. "पाचव्या नंबरात रडतंय कोन, धाव्यात हसतंय कोन, समदं मला ठावं," ते सांगायचे. मग हॉटेलात नवं यंत्र आलं, खोलीतून थेट फोन लागायला लागले आणि ऑपरेटरची खुर्ची उचलून अडगळीत गेली. भाऊंना साहेबांनी शाल दिली. "शाल चांगली हुती," भाऊ म्हणायचे, "पर ती बोलत न्हाई ना."

लग्न केलं नाही. भाऊ पुतण्यांच्या घरात मागच्या खोलीत राहायचे. पुतणे वाईट नव्हते, दोन वेळचं ताट गरम यायचं. पण पुढच्या खोल्या शनिवार-रविवारी पर्यटकांना द्यायच्या असल्याने भाऊंना सांगून ठेवलेलं होतं, आबा, फोनवर जरा हळू बोला, गेस्ट लोक कंप्लेंट करतात. एरवी दिवसभर घर रिकामं. अशा माणसाला हा मंच सापडला, त्यावर त्यांनी आपला नंबर दिला, आणि महाराष्ट्रभरातले अडलेले लोक त्यांना फोन करू लागले. हॉटेलातली खुर्ची परत मिळाल्यासारखं झालं त्यांना.

आंधळ्यांना आवाज अचूक ओळखू येतात असा डोळस लोकांचा एक लाडका समज आहे. भाऊ मला कित्येक महिने सोलापूरचे वकील समजत होते. मी दुरुस्त केलं की "व्हय व्हय, इतिहासवाले सर" म्हणायचे आणि जाता जाता वकिलीण बाईंच्या गुडघ्याची चौकशी करायचे. त्यांची माहितीही नेहमी बरोबर असायची असं नाही. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की काही कळा बदलायच्या, भाऊ मात्र बिनदिक्कत जुन्याच सांगायचे. दहा मिनिटांच्या कामाला तास लागायचा, कारण मधे जेवण झालं का, कोणाचं कोण, पाऊस किती, हे सगळं यायचं. तरीही लोक त्यांनाच फोन करायचे.

म्हणूनच विकीची, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या ऑनलाइन माहितीकोशाची, गोष्ट निघाली तेव्हा मी त्या बाजूने होतो. नाशिकची मुक्ता आमच्यातली प्रोग्रामर. मंचाच्या महिन्याच्या ऑनलाइन बैठकीत तिने मुद्दा मांडला. एकच प्रश्न लोक पुन्हा पुन्हा विचारतात, दिलेली उत्तरं मंचाच्या ढिगात हरवतात, नवीन माणूस शोधून दमतो. आपण एक विकी सुरू करू. प्रत्येक अडचणीला एक पान, आणि ते कोणीही वापरणाऱ्याने लिहावं, चुकलं असेल तर दुसऱ्याने सुधारावं. काहींनी शंका काढली की कोणीही लिहिणार म्हणजे कोणीही चुकीचं लिहिणार, आणि चुकीची कळ दाबून एखाद्याचं मशीन मुकं झालं तर? मुक्ता म्हणाली, एकाची चूक दहा जण पाहतील. मला ते पटलं. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला दुसऱ्याचं लिखाण सुधारायला मिळणार, आणखी काय हवं!

भाऊही फोनवरून बैठकीत होते. मग म्हणाले, "मशीन मुकं झाल्यावर तुमचं इकी वाचनार कोन?"

"मोबाइलवर वाचतील ना भाऊ. मोबाइलला त्याचा त्याचा आवाज असतो," मुक्ता म्हणाली.

"आन् मानूस घाबरल्यालं असलं तर? पान इचारनार का त्याला, बाबा, घाबरला का?"

बैठकीनंतर भाऊंनी मला एकट्याला फोन केला. या वेळी पाय विचारले नाहीत. "सर, एक बोर्ड माजं, हॉटेलातलं फोनचं, मशिनीनं खाल्लं. ह्ये दुसरं. तुमी लोक हुशार, तुमाला पटतंय त्ये बरोबरच आसंल. पर समदी उत्तरं पानावर गेली, तर मला फोन कोन करंल?" इतकं सरळ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, असं कसं होईल भाऊ, लोक करणारच. ते म्हणाले, "हॉटेलातले सायेब पन असंच म्हनलं हुतं."

विकी महिनोन्महिने लोंबकळला. कोणालाही भाऊंच्या विरोधात हात वर करायचा नव्हता. मग तो पावसाळा आला, ज्यात वलवणची वीज गेली ती काही दिवस आलीच नाही. पाठोपाठ मोबाइलचा टॉवर बंद पडला. नेमकी त्याच आठवड्यात आमच्या मंचावरची परभणीची रेवती नोकरीला लागली. सरकारी कार्यालयात कारकून, तिच्या घराण्यातली पहिली नोकरी. पहिल्याच सकाळी मशीन मुकं झालं. तीच कळ, जी माझ्याकडून दाबली गेली होती. तिने भाऊंना फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना. 'हिच्याने काही होत नाही,' असं म्हणून साहेबांनी तिला टेबलावरून उठवलं आणि खिडकीजवळच्या बाकावर बसवलं. तिथे ती दिवसभर बसून राहिली, दुसऱ्या दिवशीही.

वीज आल्यावर भाऊंच्या फोनवर तिचा निरोप आला. त्यात नोकरीबद्दल एक अक्षर नव्हतं. "भाऊ, तुमचा फोन लागत नाही, तुम्ही बरे आहात ना?" एवढंच. भाऊंनी लगेच फोन करून तिला कळ सांगितली, मग खोदून खोदून विचारलं, तेव्हा बाकाचं कळलं.

पुढच्या बैठकीत सगळ्यांच्या आधी भाऊच बोलले. "पोरगी दोन दिस बाकावर बसली. का, तर माज्या फोनला करंट न्हवता. येकट्या मानसाच्या फोनवर इतक्या लोकांचं पोट टांगून ठिवायचं, ह्ये काय बरोबर न्हाई. करा तुमचं इकी." आणि त्यांनी बैठकीतून फोन बंद केला. आम्ही बाकीच्यांनी विकीला होकार दिला. जिंकल्याचा आनंद कोणाच्याच आवाजात नव्हता.

पानं लिहायची तर भाऊंच्या डोक्यातलं बाहेर काढणं आलं. ते काम मी घेतलं. शनिवार-रविवारी पर्यटकांचे स्पीकर वाजत असायचे, म्हणून दर बुधवारी मी तळेगावहून लोणावळ्याला आणि तिथून रिक्षाने वलवणला जाऊ लागलो. मी टंकायचं आणि भाऊंनी सांगायचं असं ठरलं. पण पहिल्या बुधवारी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. "समोर कोन हाय, काय झालंय त्याला, कळल्याबिगर सांगू कसं?" मग आम्ही एक युक्ती काढली. मी शेजारी बसून फोन कानाला लावल्याचं सोंग करायचं आणि म्हणायचं, "भाऊ, माझ्या मशीनचा आवाज गेलाय हो." की भाऊ सुरू. आवाज गेला, फाइल सापडत नाही, अक्षर उलटं उमटतंय, अशा सगळ्या अडचणी मला त्या खोलीत एकामागून एक आल्या. भाऊ प्रत्येक वेळी पाय विचारायचे. मी टेकवून दाखवायचो. चहा यायचा. माझ्या आयुष्यातले ते फार चांगले बुधवार होते, आणि भाऊंच्याही असावेत, कारण निघताना ते दर वेळी म्हणायचे, "आजून लय अडचनी राहिल्यात बरं का सर."

पण अडचणी संपल्या. मुक्ताने पानं नीट केली. जेवण, पाऊस, वकिलीणबाई सगळं गाळलं. प्रत्येक पानाची पहिली ओळ, पायांची, तीही ती काढणार होती. म्हणाली, सर, ही सूचनेत बसत नाही. मी हट्ट धरला. भाऊ म्हणाले, "काढा की. मला काय त्याचं?" आणि मग जरा थांबून, "ठिवली तरी चालंल." ती ओळ राहिली.

विकी छान चालला. रेवती आता नवीन लोकांसाठी स्वतः पानं लिहिते, भाऊंच्या जुन्या कळा तिनेच दुरुस्त केल्या. विकी हवाच होता, हे मी आजही कोणाशीही भांडून सांगेन. पण वलवणला भाऊंचा फोन वाजेना. पुतण्या म्हणाला, आबा आता कंप्लेंट येईल असं काही बोलतच नाहीत. फोन चार्जिंगला लावतात, काढतात, पुन्हा लावतात.

आणि मग भाऊंचं मशीन बिघडायला लागलं. भाऊ जाईपर्यंत दर बुधवारी ते बिघडत राहिलं, कधी आवाज, कधी फाइल, कधी उलटं अक्षर. पहिल्यांदा बिघडलं तो दिवस मला अजून ऐकू येतो. दुपारची वेळ होती. फोन वाजला, मी उचलला, पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज.

"सर, मी बोलतोय. वलवनचा. जरा अडचन आलीया."

"काय झालं भाऊ?"

"मशीन मुकं झालंय बगा. काय केल्या बोलंना."

त्यांच्या मागे, त्या रिकाम्या घरात, त्यांचं मशीन स्वच्छ, खणखणीत आवाजात बोलत होतं. ओळी माझ्या ओळखीच्या होत्या. आमच्याच विकीचं पान होतं, मीच टंकलेलं. तुमचं मशीन बोलतंय भाऊ, असं मी म्हणू शकलो असतो. मी खुर्ची ओढली आणि नीट बसलो.

"भाऊ," मी म्हटलं, "पाय भुईला टेकल्यात का?"

पलीकडे मशीनचा आवाज मधेच बंद झाला. त्यांनी कळ दाबली असणार, त्यांना ती पाठ होती. मग खुर्ची सरकली.

"टेकल्यात," भाऊ म्हणाले. "सांगा आता. सावकाश सांगा सर, मला काय घाई न्हाई."