नळावरचे पाहुणे

“हळू बोला, पावणं झोपल्यात,” असं म्हणत मिस्त्री दुकानात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाला ओठांवर बोट ठेवून थांबवायचे. पावणं म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान वायरलेस बोर्ड. वीज वाचवायला तो बराच वेळ झोपतो आणि अधूनमधून जागा होतो, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. त्यावरून ते शेजारच्या गिरणीवाल्याशीही भांडून आले.

जुन्नरच्या आमच्या गल्लीत पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देणारे हे मिस्त्री. गल्लीचा सार्वजनिक नळ त्यांच्या दुकानामागे. पाण्याला ठरलेली वेळ नव्हती, त्यामुळे घराघरात कुणीतरी अडकून पडायचं. ते कुणीतरी म्हणजे नेहमी बाई, नाहीतर शाळा बुडवलेली मुलगी. मुलगा कधीच नाही. मी निवेदनं लिहिली, नळाच्या ओट्यावर उभं राहून भाषणं केली. ते म्हणाले, “तुझं झालं की सांग राव, तोवर मी काहीतरी जोडतो.” मग ठरलं: नळाखाली बोर्डाच्या दोन तारा. त्या भिजल्या, की माझ्या घरच्या वायफायवरून गल्लीच्या ग्रुपवर निरोप, “पाणी आलं”.

बोर्डात प्रोग्रॅम भरताना त्यावरचं बारीक बटण दाबून धरायचं आणि केबल लावायची. बटणाचं काम त्यांनी मागून घेतलं. त्यांच्या खणातल्या केबली नुसत्या चार्जिंगच्या निघाल्या. लॅपटॉपला बोर्ड दिसेचना.

“वळख न्हाई झाली अजून,” ते म्हणाले.

शेवटी माझ्या घरच्या केबलनं ओळख पटली. प्रोग्रॅम भरून झाला, मी “सोडा” म्हणालो, तरी बटणावरचं बोट हलेना. “पोट भरलं का नीट? अर्ध्यात उठवलं तर रुसतील.”

मग त्यांनी नारळ काढला. नारळ फोडल्याशिवाय एकही मोटार त्यांच्या दुकानाबाहेर जात नसे. मी भडकलो. अंधश्रद्धेपासून संविधानापर्यंत सगळं एका दमात ऐकवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“बरं, कुंकू न्हाई लावत. पण पावण्याला असंच कोरडं धाडायचं व्हय?” आणि नारळ आपटला.

पाणी उडालं ते थेट तारांवर. गल्लीतले सगळे फोन वाजले. बाया हंडे घेऊन धावल्या आणि कोरडा नळ पाहून तशाच दुकानात घुसल्या.

“मिस्त्री, कुठंय पाणी?” सगळ्यांत पुढच्या मावशींनी विचारलं.

त्यांनी करवंटी पुढे केली. “एवढंच व्हतं. पण पावणं खोटं न्हाई बोललं.”

मावशी खोबऱ्याचा तुकडा चावत म्हणाल्या, “बसवा नळाला. उद्या आमी कामाला जातो, पोरी शाळंला. फसवलं, तर हाच हंडा तुमच्या डोक्यात.”

नजर अधू झाल्यावर मिस्त्री लेकीकडे कळंबला गेले. दुकानाला कुलूप आहे. नळाचा निरोप मात्र येतो, आणि गल्लीतलं कुणी काही लिहायच्या आत कळंबहून त्यांचा आवाज ग्रुपवर येऊन पडतो:

“बाया मळ्यात, पोरी शाळंत. आता गडी उठवा की.”