सेतुरावांची उकळलेली नळी

सेतुराव आज पहाटे गेले.

आणि ज्यांनी त्यांना प्रोजेक्टबाहेर काढलं, त्यांचीच श्रद्धांजली कंपनीच्या ग्रुपवर सगळ्यात लांब आहे.

'आधारस्तंभ' म्हणे. मेल्या म्हशीला मणभर दूध.

चेन्नईत, पेरुंगुडीच्या आमच्या लॅबमध्ये ते सीनियर. घरात तंजावरी मराठी. मी सोलापूरची, सुरुवातीला त्यांचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही. मला ते तमिळ पद्धतीने 'मा' म्हणायचे.

काम कोळंबीच्या टरफलांचं. त्यातलं कायटिन बॅक्टेरियाच्या एन्झाइमने तोडायचं आणि औषधाला लागणारी साखर काढायची. तो बॅक्टेरिया सेतुरावांनी स्वतः मासळीबाजारामागच्या कुजक्या ढिगातून शोधून आणलेला.

साखर झाली की टेस्टच्या नळीत गुलाबी रंग येतो. एकदा इतका छान आला की डायरेक्टरांनी लगेच खरेदीदारांना डेमोला बोलावलं.

सेतुराव मात्र नळीकडे चोराकडे बघावं तसे बघत होते.

"एवढें चांगलें आलें कीं संशय धरावा, मा. एन्झाइम उकळून घाल पाहूं."

उकळलं की एन्झाइम मरतं. मग रंग यायलाच नको.

तीही नळी गुलाबी झाली.

टरफलं आम्ही ॲसिडने मऊ करायचो. ती नीट धुतलीच गेली नव्हती. साखर ॲसिडनेच करून ठेवलेली.

डायरेक्टर म्हणाले, "उकळलेली नळी डेमोत दाखवायची कशाला?"

"मग मलाही दाखवूं नका," सेतुराव म्हणाले.

डेमो रद्द. खापर त्यांच्यावर. रवानगी स्टोअरमध्ये, तिथूनच रिटायर. केकवर नावसुद्धा चुकलेलं.

पुढे मी धुण्याची पद्धत बदलली. गेल्या महिन्यात पुन्हा गुलाबी रंग आला आणि मी तांबरमला त्यांच्या घरी धावले. अंथरुणावर होते.

"उकळलेली?"

"कोरी, सर. रंगच नाही."

मला वाटलं, आता शाबास म्हणतील.

"टरफलें धुतलीं कोणीं?"

"मीच."

"मग दुसऱ्या कोणाकडून धुवून घे. पुन्हा कर."

खूप राग आला होता मला. तरी केलं.

आज निरोप आला तेव्हा मी लॅबमध्येच होते. टरफलं दुसऱ्या मुलीने धुतलेली. जिवंत एन्झाइमची नळी गुलाबी, उकळलेली कोरी.

ग्रुपवर टाकलं नाही. आधारस्तंभवाल्यांचा मला भरवसा नाही. उद्या हा बॅक्टेरिया कोणाच्या नावावर लागेल, सांगता येत नाही. म्हणून इथे, सगळ्यांसमोर लिहून ठेवतेय.

तो सेतुरावांचा आहे.

सर, पुन्हा केलं. खरं निघालं. आता निर्धास्त जा.