आईनं प्लेट उचलली तेव्हा

आजऱ्याच्या एसटी स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागली, मी खिडकीची जागा धरली, आणि माझे वडील मला निरोप द्यायचं सोडून त्याच गाडीतल्या प्रवाशांना पत्रकं वाटायला लागले. गावच्या नळाचं पाणी आमच्या वस्तीतही सोडा, अशी मागणी होती. कंडक्टर म्हणाला, "अण्णा, पोरगी चाललीया, आज तरी थांबा की." अण्णा म्हणाले, "भरल्याली गाडी हाय. पुन्हा असली कुठं गावायची?" मला शरमल्यासारखं झालं. आई खिडकीखाली उभी होती. तिनं एवढंच सांगितलं, "कुणाशी भांडू नको. नोकरी टिकव."

अण्णांची पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले. उरलेल्या प्रतींच्या कोऱ्या बाजूला मी गिरवायची. 'हक्क'मधला 'क्क' हे माझं पहिलं जोडाक्षर. गावात आम्ही बौद्धांची आठ घरं, आणि आठही घरांच्या दारांवर अण्णांनी खळीनं चिकटवलेला कागद कायम असायचा.

आता मी उचगावात भाड्याच्या खोलीत राहते आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. ओतलेला तुकडा टेबलावर येतो, मी माप घेते. बसलं तर पास, नाही तर रिजेक्ट. तो कुणी ओतला, कुठल्या पाळीत ओतला, याच्याशी मापाला देणंघेणं नसतं. शहरातलं मला सगळ्यात आधी काय आवडलं असेल, तर हे.

आमचं ऑडिट पार पडलं तेव्हा टीमबरोबर मी एका हॉटेलातल्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये गेले होते. भटारखाना उघडा, भट्टी समोरच. कुणी टी-शर्टवर आलेलं, कुणी लेकराला मांडीवर घेऊन जेवतंय. कुणीच कुणाकडं बघत नव्हतं. तेव्हाच ठरवलं, आईअण्णांना इथं आणायचं.

परवाच्या रविवारी दुपारी आणलं. अण्णांनी मेन्यू पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, खिशातलं पेन काढून दोन चुका दुरुस्त केल्या आणि म्हणाले, "ह्यात ठराव कुठलाच न्हाय." आईनं पास्ता बघितला. "शेवया हायत की गं! आन् गूळ?" मग चिली फ्लेक्सची डबी पास्त्यावर उपडी केली आणि खूश होऊन जेवली. पिझ्झ्याला तिनं भाकरीवरची कोशिंबीर ठरवून टाकलं.

पलीकडच्या टेबलावर आमच्या गावचे तात्या होते, बायकोमुलींसह. गावातलं सगळ्यात मोठं घर त्यांचं. आल्या आल्या त्यांनी हात वर केला होता, आम्हीही केला होता.

आईचं जेवण झालं. ती उठली, आपली प्लेट, काटा, पाण्याचा ग्लास गोळा करून पदर खोचला आणि हौद शोधायला लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तात्यांच्या घरच्या पंगतीला आम्हाला बोलावणं असतं. शेवटच्या पंगतीला. बाकीचे जेवून हात धुवायला जातात. आमची माणसं जेवून आपलं ताट उचलतात, गोठ्यामागच्या हौदावर घासतात आणि पालथं घालून येतात. कुणी ओरडून सांगत नाही. सांगावं लागत नाही.

मला लाज वाटली. तात्यांची नाही, आईची. हे लिहायला नको वाटतंय, पण पत्रकात खोटं लिहायचं नाही, हे अण्णांनीच शिकवलंय. मी दबक्या आवाजात खेकसले, "आई, खाली बस."

तेवढ्यात तात्या हसले. "शेवंता, हितंबी व्हय? सवय काय जात न्हाय बघ तुझी!"

ते वाईट बोलले नाहीत. अगदी मायेनं हसले. आई त्यांच्यापेक्षा वयानं मोठी, तरी ती शेवंता आणि ते तात्या. मी खुर्ची मागं सरकवली. अण्णांनी घसा खाकरला. आमच्या दोघांकडंही शब्दांचा साठा मोठा, पण बोलली ती आई.

आईनं प्लेट टेबलावर ठेवली आणि बसली. पदर सोडला. म्हणाली, "सवय माझी न्हवं, तात्या. तुमच्या दारातली हाय."

वेटर धावत आला. "मॅडम, ठेवा तुम्ही, मी घेतो."

"घ्या की, पावणं," आई म्हणाली. "आन् ह्या शेवया आणखी आणा. तिखट घालून."

अण्णा माझ्या कानाशी पुटपुटले, "एवढं बारकं पत्रक मला जल्मात जमलं न्हाय."

तात्यांचा चेहरा उतरला होता. सावरून घ्यायला म्हणाले, "थोरलीचं लगीन हाय पुढल्या म्हैन्यात. या समदी."

"येतो की. कितव्या पंगतीला?" आईनं विचारलं.

"कितव्या म्हंजे?"

"पयल्या का शेवटच्या?"

तात्या पिझ्झ्याचं चीज ओढत बसले. त्यांची धाकटी मुलगी मात्र आईकडं टक लावून बघत होती.

माझ्यासारखे गाव सोडून आलेले मला म्हणतात, विसर, इथं कोण विचारतंय? गावात राहिलेले म्हणतात, तू शहरात बसून बोलतेस, आम्हाला तिथं दिवस काढायचेत. दोघांचंही ऐकून घेतलं. घर म्हणाल तर आज उचगावची ती खोली, कारण तिथं आली की आई जेवून उठते आणि ताट तसंच ठेवून माझ्याशी गप्पा मारत बसते. पण गावावर माझा हक्क आहे आणि तो मी कुणाला दान केलेला नाही. तिथली आठ घरं माझी आहेत. ती पंगतही माझी आहे.

रजेचा अर्ज दिला आहे. लग्नाला आम्ही तिघं येतोय. पहिल्या पंगतीला बसणार, पोटभर जेवणार आणि ताटं जागेवर ठेवून उठणार. तात्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. त्यासाठी आम्ही थांबणार नाही.