जिल्ह्यात एकच नाक

आमचे हे पोलिसांच्या श्वान पथकात. पथक कसलं, हे आणि एक कुत्रा! नशेचा माल हुंगून काढणारा सगळ्या जिल्ह्यात हा एवढाच, आणि तो आमच्या घरी. कुत्र्याच्या खोलीचं छप्पर कोसळलं, दुरुस्तीचा पैसा काही मंजूर होईना, म्हणून हे त्याला घेऊन आले. खात्यात त्याला रावसाहेब म्हणतात. शोभतंही. आयतं खायचं आणि पलंगाखाली घोरायचं.

"माझ्यापेक्षा त्याचे लाड जास्त," मी म्हणायची.

"तो बडबडत नाही," हे म्हणायचे. घ्या!

नाक्यावर गाडी अडवली की रावसाहेब सामानावरून नाक फिरवतो. माल असेल तर भुंकत नाही, गुपचूप खाली बसतो. तो बसला की समोरच्याची धडगत नाही.

गेला महिनाभर आमच्या लेकीचं काहीतरी बिनसलं होतं. जेवण टाकायची, खोलीला आतून कडी लावायची. ह्यांचं डोकं फिरलं. दिवसभर नशेत बुडालेली पोरं बघणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? घरभर नुसत्या येरझाऱ्या.

"तिचे डोळे बघितलेस?"

"रडून लाल झालेत. जाऊन विचारा ना तिला!"

पण विचारतील तर शपथ. रविवारी भर दुपारी ह्यांनी रावसाहेबाला पट्टा बांधला आणि लेकीचं दार वाजवलं.

कुत्रा टेबल, कपाट हुंगत गेला. कॉलेजच्या बॅगेपाशी हे थबकले आणि रावसाहेब खाली बसला. ह्यांनी बॅग उलटी केली, अस्तर फाडलं, गादी उसवली. सापडलं काय? कप्पाळ!

"दोन विषयांत नापास झालेय मी," लेक रडत म्हणाली. "सांगायची हिंमत नव्हती. आणि बाबा, तो वासानं नाही बसला. तुम्ही थांबलात म्हणून बसला."

हे तसेच वळले. मग पट्टा धरून स्वयंपाकघरात आले. तांदळाच्या डब्यापाशी थांबले, रावसाहेब बसला. शिलाई मशीनपाशी थांबले, बसला. केराच्या बादलीपाशीसुद्धा बसला! मला हसू फुटलं, पण ह्यांचा चेहरा बघून आवरलं. ह्यांना संशय आला की हे थांबायचे, तो बसला की खाऊ द्यायचे. तो मुका जीव मालाऐवजी मालकच ओळखायला शिकला होता.

सोमवारी हे साहेबांपुढे जाऊन सगळं बोलले. साहेब भडकले. "दुसरा कुत्रा काय माझ्या घरून आणू? जागेवर माल तपासायची किटंसुद्धा संपलीत. तोंड बंद ठेव आणि नाक्यावर जा."

संध्याकाळी लेक ताट घेऊन बाहेर आली, बापाशेजारी बसली. मला इतकं बरं वाटलं! दोन घास खाऊन तिनं विचारलं, "बाबा, शुक्रवारी नाक्यावर तुम्ही एका माणसाला धरलंत, तेव्हा रावसाहेब असाच बसला होता?"

"त्याच्या पिशवीत पांढरी पूड होती."

"कसली?"

ह्यांनी ताट बाजूला सारलं. "बाळाच्या अंगाला लावायची पावडर आहे म्हणत होता."

"मग सोडलं ना त्याला?"

"कोठडीत आहे," हे म्हणाले. "लॅबचा रिपोर्ट यायचाय."