हौसाबाईंच्या पाठीमागचा माणूस

तुकारामच्या केसमध्ये मी जी कैफियत लिहिली, तिच्यातलं सातवं कलम मी कुणाला काही न विचारता लिहिलं. चूक तिथं झाली, आणि ती माझीच. दाव्याला प्रतिवादी जे लेखी उत्तर देतो, त्याला कैफियत म्हणतात. सातव्या कलमात मी म्हटलं होतं: 'वादी नावापुरती पुढं आहे. तिच्या नवऱ्यानं सासऱ्याच्या मिळकतीवर डोळा ठेवून हा दावा तिला करायला लावला आहे.'

वादी म्हणजे तुकारामची थोरली बहीण, हौसाबाई. मलकापूरच्या श्रीपती सुताराला दिलेली. बापाची कोल्हापुरात पिठाची गिरणी होती. शेजारी चटणी कांडायचा डंक, दोन्ही एकाच इंजिनवर. सगळं बापानं स्वतः कमावलेलं. छप्पन सालचा वारसा कायदा आला आणि त्यानंतर बाप वारला. आई आधीच गेलेली, मृत्युपत्र नाही. नव्या कायद्यानं मुलगा आणि मुलगी दोघांचा हिस्सा सारखा.

पण कायदा मुंबई-दिल्लीत होतो आणि रीत घरात असते. बहिणीनं माहेरी यायचं, जेवायचं, लुगडं घ्यायचं आणि हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठा उठवून जायचं. हौसाबाई आल्या, जेवल्या. लुगडं मात्र घडी न मोडता पाटावर ठेवून गेल्या. मग नोटीस आली.

"ही अक्काची अक्कल न्हवं, वकीलसाहेब," तुकाराम म्हणाला. "दाजी लई आतल्या गाठीचा हाय. त्यानंच भरवलंय."

"तुला कसं माहीत?"

"बाईमाणूस हाय ती. आपनहून कोर्टात येतीया व्हय?"

मला तेवढं पुरलं. खरं तर त्याच्या आधीच पुरलं होतं. हा कायदा होऊ नये म्हणून मी सभांतून बोललो होतो. जावई घरात शिरतील, भावाबहिणींत वैर लागेल, हे माझं ठरलेलं भाषण. तुकारामची केस म्हणजे माझ्या भाषणाचा पुरावाच चालत आला, असं मला वाटलं.

मग मला सगळीकडं श्रीपतीच दिसू लागला. प्रत्येक तारखेला तो कोर्टाबाहेर चिंचेखाली उभा असायचा. हौसाबाई बाहेर आल्या की त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलायचा. त्या मान हलवायच्या. मी कारकुनाला लक्ष ठेवायला सांगितलं.

"काय बोलतो, ऐकू येत नाही," कारकून म्हणाला. "पण हातवारे फार करतो."

"पढवतोय," मी म्हणालो.

उलटतपासाचा, म्हणजे समोरच्या साक्षीदाराला आपण प्रश्न विचारायचा, दिवस आला. हौसाबाई पिंजऱ्यात पदर आवळून उभ्या राहिल्या.

"मुलीला हिस्सा मिळतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमीच की."

कोर्टात खसखस पिकली. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"मी? कधी?"

"कायदा व्हायच्या आदी. बा आजारी हुता, म्हनून आलतो मी. तुमचा भोंगा गिरणीच्या तोंडालाच लावलाता. तुमी वरडत हुता की, ह्यो कायदा झाला तर बहीन भावाच्या दारात वाटनी मागाया हुबी ऱ्हाईल. तवा मला कळलं, मागता येतंय म्हनून."

"वकीलसाहेब, हे उत्तर लिहून घेऊ ना?" जज्जसाहेब म्हणाले.

मी तिथंच बसायला हवं होतं. उत्तर माहीत नसलेला प्रश्न उलटतपासात विचारू नये, हे मी ज्युनिअर पोरांना शिकवत असे. पण मी चिडलो होतो.

"मग नवरा रोज बाहेर कशाला उभा असतो?"

"दावा काढून घे म्हनाया." त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "तुमचा त्यो कागद तुकानं मलकापूरच्या चावडीवर वाचून दावला. सासऱ्याच्या गिरणीवर टपलेला जावई म्हनून लोकं हसत्यात मालकांना. दावा सोडल्याबिगर घरात पाय ठिऊ नगो म्हनालं. तवापासनं मावशीकडं ऱ्हातो मी. मालकांनी आजपातूर कुनाच्या फुटक्या कपाला हात लावल्याला न्हाय, साहेब."

ते कलम त्याच दिवशी मागं घ्यायला हवं होतं. मी घेतलं नाही. तुकाराम माझ्याकडं संशयानं बघत होता, बार रूममध्ये मित्र "तुमीच की" म्हणून हसत होते, आणि मी अब्रू सांभाळायला शेवटपर्यंत तेच बोलत राहिलो.

आम्ही हरलो. निम्मा हिस्सा हौसाबाईंचा ठरला. गिरणी तुकारामकडं गेली, डंक त्यांच्याकडं. पण श्रीपतीनं त्यांना नेलं नाही. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. मी दिवाणी वकील. तो फायदा मी श्रीपतीला न देता स्वतःकडंच ठेवत आलो होतो.

बरेच दिवस टाळून मी डंकावर गेलो. मिरचीच्या खकाण्यानं शिंका आवरेनात. बायका पदरानं नाक दाबून हसत होत्या. मी माफीचं बोलायला लागलो, तर हौसाबाईंनी हात वर केला.

"मला कशाला? लिवलं त्यांच्यावर. त्यास्नी सांगा."

दुसऱ्या दिवशी मलकापूरला गेलो. श्रीपती दारात रंधा मारत होता. मला पाहून त्यानं रंधा थांबवला, पण उठला नाही.

"हौसा कशी हाय?"

"बरी आहे. डंक चालतोय."

"मिरचीचा तरास हाय तिला. खोकतीया काय?"

मला ते ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं, आणि कशासाठी आलो तेही सांगितलं. त्यानं अंगावरचा भुसा झटकला.

"हितं माझ्या कानात बोलून काय उपेग, पावनं? कागद जितं वाचला तितं बोला."

चावडीवर दहापाच माणसं पान खात बसली होती. श्रीपती खांबाला टेकून उभा राहिला. मी कोट घातला होता, तरी हात कुठं ठेवावेत ते कळेना.

"श्रीपती सुतारांनी बायकोला दावा करायला लावला, असं कोर्टाच्या कागदात लिहिलं होतं," मी म्हणालो. "ते मी लिहिलं. चौकशी न करता लिहिलं. खोटं आहे ते. हौसाबाईंनी त्यांच्या हक्काचं मागितलं, स्वतःच्या मनानं मागितलं. खोटं ठरल्यावरही मी ते मागं घेतलं नाही. त्यांचं घर माझ्यामुळं मोडलं. श्रीपतराव, मी तुमची माफी मागतो."