तारांचा पलंग

सुमन गेली तेव्हा मी खाली दुधाच्या बूथवर रांगेत होतो. सहज वर पाहिलं, तर मुलगा बाल्कनीत येऊन नुसता उभा. मी रिकामी पिशवी घेऊन तसाच जिना चढलो. याला आता सव्वा महिना होत आला. मी चौथी शिकलेला माणूस, जन्मभर सरकारी गाडी चालवली. लिहायची सवय नाही. पण माझ्या बायकोबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चालणार नाही.

दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सुटल्यावर आम्ही मयूर विहारला मुलाच्या फ्लॅटवर आलो, आणि इथंच तिचा कॅन्सर हाडांत उतरला. गोळ्या घेऊनही झोप लागेना. हल्ली दिल्लीबाहेर रोज नवीन काही ना काही उघडतं. मुलानं नोएडाच्या एका नव्या सोसायटीतल्या बाई शोधून काढल्या. त्यांच्याकडे एक लाकडी पलंग, त्याला खालून ओळीनं तारा ताणलेल्या. आजाऱ्याला वर झोपवायचं आणि बाईंनी खाली बसून तारा छेडत राहायचं, एकच सूर, कितीतरी वेळ. मी म्हटलं, "औषधं हरली, आता वाजंत्री का?" सुमन म्हणाली, "आपल्या लग्नात कुठं धड वाजली होती? आता वाजू दे."

पहिल्याच दिवशी तिच्या डोळ्यांतून पाणी निघालं ते कानांत उतरलं. बाईंनी विचारलं, "कैसा लगा, आंटी?" ती एवढंच म्हणाली, "अच्छा लगा." रिक्षात बसल्यावर मात्र तिनं माझं मनगट धरलं.

"अहो, ती फिरली."

"कोण?"

"आपली पहिली. पोटात फिरायची ना... तश्शी."

आमची पहिली मुलगी मेलेलीच जन्मली होती. मीच तिला यमुनेकाठी पुरून आलो. त्यानंतर घरात तो विषय कधी निघाला नाही. मला वाटलं होतं, सुमन विसरली.

मग ती दर आठवड्याला जायला लागली. दुखणं तसूभर कमी झालं नाही, उलट येताना ती जास्तच मोडलेली असायची. नको जाऊस म्हटलं तर म्हणाली, "बरं वाटावं म्हणून जात नाही मी." एकदा मीही हट्टानं त्या पलंगावर झोपलो. ती उशाशी वाकून विचारते, "आली?" मी म्हटलं, "गाडी न्यूट्रलला उभी आहे असं वाटतंय." "जन्मभर इंजिनापाशी बसलात, तुमच्या अंगात आणखी काय शिरणार," म्हणाली आणि तोंड फिरवलं. मी उतरलो. तिला सांगितलं नाही, पण मलाही ती पोर हलताना हवी होती. सुमनकडे निदान हलणारी होती. माझ्या हातांत आली ती निपचितच.

गेल्या आठवड्यात एकटा गेलो. वाटलं, आता दोघींपैकी कुणी तरी येईल. बाईंनी पुष्कळ वेळ वाजवलं. लाकूड थरथरत होतं, माझी हाडं थरथरत होती... बाकी काही नाही. कुणी आलं नाही.

बाई थांबल्या. "अंकल, गिर जाएँगे. बीच में आइए."

पाहिलं तर माझा अर्धा खांदा पलंगाबाहेर. सुमनच्या दुखऱ्या पायाला धक्का नको म्हणून घरी मी असाच अगदी कडेला झोपायचो. अजूनही झोपतो.

"रहने दीजिए," मी म्हटलं. "आप बजाइए."